मृताचें देणें आणि फाडलेलें खत : शेंदूरजनाघाट येथील एका रुमालावरून

वऱ्हाडांत शेंदूरजना नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. तिवसें तालुक्यांत शेंदूरजना बाजार आहे, मानोरें तालुक्यांत शेंदूरजना आढाव आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं, पूर्वीं मोर्शी तालुक्यांत व हल्लीं वरूड तालुक्यांत असलेलें शेंदूरजनाघाट आहे. नुसतें 'मौजे शेंदूरजना' असें लिहिलेला कागद हातीं आला म्हणजे परगण्याचें नांव पाहिल्यावांचून त्याची जागा ठरवूं नये, हें संग्राहकांस प्रारंभींच सांगून ठेवितों. आम्हीं स्वतः एकदां या चुकींत सांपडलों होतों. प्रस्तुत लेखाचा विषय झालेला रुमाल मात्र निःसंशय घाटाखालील शेंदूरजन्याचा आहे. ज्या घराण्यांत तो आहे त्याचें नांव त्या घराण्याच्या इच्छेवरून येथें देत नाहीं.

रुमालांत महजर नाहीं, सनद नाहीं, राजकारणाचें एकहि पत्र नाहीं. आहेत तीं केवळ कर्जाचीं खतें, कांहीं जामीनकतबे, दोन चार फारखत्या आणि देण्याघेण्याच्या यादी. बहुतेक खतें माथ्याकडून खालीं अर्ध्यापर्यंत फाडलेलीं. घरधनी आम्हांस म्हणाले, "गुरुजी, हे फाटले कागद कायले पाह्यता? जाळाचेच होते." त्यांनीं तो गठ्ठा न्हाणीच्या चुलीपाशीं नेऊन ठेविलाहि होता. आम्हीं विचारिलें, "भाऊसाहेब, इतकीं वर्षें हा रुमाल कोणास कां दाखविला नाहीं?" तेव्हां ते हंसून म्हणाले, "फाटल्याचा काय भेव जी? त्याच्यात एक साबूत हाय, त्याचाच भेव."

या उत्तरांत आमच्या मतें आपल्याकडील दप्तरें बंद कां राहतात याचें अर्धें कारण आलें. कागद वाळवीनें जितके गेले तितकेच या भयानें गेले असावेत. आजोबांचें देणें कोणी उकरून काढील, चुलतघराण्याचा वांटा निघेल, कोणी वारस उठून उभा राहील, अशी शंका मनांत असतांना घरचा मनुष्य संशोधकापुढें पेटी उघडीत नाहीं. म्हणून मनुष्य मेला असतां त्याच्या धनकोंस व दायादांस कोण, केव्हां, कसें कळवीत असे, हा प्रश्न आम्हांस निव्वळ व्यवहारशास्त्राचा न वाटतां दप्तरशास्त्राचाहि वाटूं लागला. त्याचा थोडासा विचार येथें केला आहे.

प्रथम फाडण्याविषयीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लेख्यप्रकरण आहे. त्यांत सांगितलेली रीत अशी कीं, ऋणकोनें थोडें थोडें देणें दिलें तर तें खताच्या पाठीवर लिहावें, किंवा धनकोनें आपल्या हातची पावती द्यावी. आणि सर्व देणें फिटलें म्हणजे खत फाडावें, अथवा फेड झाल्याचें दुसरें लेख्य करून घ्यावें. आतां आमच्या रुमालाकडे पाहावें. खताच्या पाठीवर वसुलाच्या नोंदी आहेत. खत माथ्याकडून फाडलेलें आहे. आणि जेथें खत परत मिळालें नाहीं तेथें फारखती आहे. फारखती हा शब्द यवनी, अक्षरें मोडी, आणि रीत याज्ञवल्क्याची! खताचा सांगाडाहि तोच. वर्ष, मास, पक्ष, तिथि, धनकोचें व ऋणकोचें पित्यासह नांव, साक्षीदार, आणि शेवटीं लिहिणाराची सही, हा स्मृतीचा क्रम आमच्या खतांत सांभाळिलेला आहे. लिहिणाऱ्याच्या सहीस 'बिकलम' म्हणावयाचें आणि कुणब्याच्या सहीऐवजीं नांगराची निशाणी करावयाची, एवढाच काय तो फरक. तेव्हां फाडलेलें खत म्हणजे नासलेला कागद नव्हे. तें पुरें झालेलें लेख्य आहे. अखंड खत हेंच अपुरें.

मृताचें देणें कोणीं द्यावें याविषयीं स्मृतिकारांचें म्हणणें स्थूलमानानें सर्वांस ठाऊक आहे. पिता मेला, परदेशीं गेला, किंवा व्यसनांत बुडाला, तर पुत्रपौत्रांनीं त्याचें ऋण द्यावें. परदेशीं गेलेल्याची वाट किती पाहावी, यास विष्णुस्मृतींत वीस वर्षें दिलीं आहेत. पुत्रानें व्याजासह द्यावें, पौत्रानें मुद्दल मात्र द्यावें, प्रपौत्रापाशीं ऋण थांबावें. मद्यासाठीं, द्यूतासाठीं, स्त्रीलंपटपणासाठीं केलेलें कर्ज, दंडाची व जकातीची बाकी, आणि भाट-मल्लांसारख्यांस दिलेलें व्यर्थ दानाचें वचन, हीं पुत्रावर येत नाहींत. जामीनकीचा भेदहि सूक्ष्म आहे. मनुष्यास हजर करण्याची किंवा त्याच्या विश्वासूपणाची हमी बापानें घेतली असेल तर ती त्याच्याबरोबर संपते. पैसा देण्याची हमी घेतली असेल तर ती मुलावर उतरते. आमच्या रुमालांतील जामीनकतबे दुसऱ्या प्रकारचे आहेत, म्हणूनच ते तीन पिढ्या जपले गेले असावेत.

क्रमाविषयीं याज्ञवल्क्याचा दंडक असा कीं, रिक्थ घेणारानें ऋण द्यावें. जो धन घेईल तोच देणें देईल, मग तो पुत्र असो वा नसो. आणि पुत्रांनीं वांटणी करितांना धन जसें सारखें वांटावें तसें ऋणहि सारखें वांटावें. निजामी अमलांत वऱ्हाडांतील मुसलमान कुटुंबांस लागू असलेल्या शरेंतहि हाच विचार निराळ्या मांडणीनें आहे. आधीं मृताची उत्तरक्रिया, मग कर्ज, मग तिसऱ्या हिश्शाच्या मर्यादेंत मृत्युपत्राचें दान, आणि शेवटीं वारसांचे हिस्से. एका गांवांत शेजारीं शेजारीं राहणाऱ्या दोन घरांत धनकोची जागा वारसाच्या पुढेंच होती, ही गोष्ट आमच्या इतिहासलेखकांनीं फारशी नोंदलेली नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. हें सर्व ठीक. परंतु कळविणें कोणीं? दायादांस शोधून काढण्याविषयीं शास्त्र मुकें नाहीं. ज्याचा धनी ठाऊक नाहीं असें द्रव्य सांपडल्यास राजानें तें प्रसिद्ध करून एक वर्ष रक्षावें, असें गौतम म्हणतो. मनु तीन वर्षें देतो, आणि त्याचा टीकाकार कुल्लूक पडघम वाजवून घोषणा करावी असें स्पष्ट करितो. हें झालें हरवलेल्या धनाचें. व्यापारी परदेशांत मेला तर त्याचें द्रव्य दायाद, बांधव, सगोत्र, अथवा परत आलेले भागीदार यांनीं घ्यावें, आणि कोणीच न आल्यास राजानें, असें याज्ञवल्क्य सांगतो. नारदानें यास दहा वर्षांची वाट घातली आहे. तोंपर्यंत तें द्रव्य राजापाशीं ठेव म्हणून राहावयाचें. दळणवळणाच्या त्या काळीं दहा वर्षें हा उदारपणा नव्हे, हिशेब आहे.

कालिदासाच्या शाकुंतलाच्या सहाव्या अंकांतील प्रसंग येथें आठवतो. धनमित्र नांवाचा सार्थवाह नौका फुटून मेला, तो निपुत्रिक, सबब त्याचें धन सरकारजमा व्हावें, असें अमात्याचें पत्र येतें. दुष्यंत लगेच होकार देत नाहीं. श्रीमंत मनुष्य, त्याच्या स्त्रिया पुष्कळ असतील, कोणी गर्भवती आहे काय पाहा, म्हणतो. साकेतच्या श्रेष्ठीच्या कन्येचें पुंसवन नुकतेंच झाल्याचें कळतें, आणि पोटांतील गर्भास पितृधन मिळावें असा निर्णय होतो. मग ज्याचा जो आप्त गेला त्याच्या ठिकाणीं आतां राजा आहे, अशी दवंडी नगरांत पिटली जाते. वर्गांत हा अंक आम्हीं अनेक वर्षें शिकविला, आणि दर वेळीं विरहाचेंच रहस्य सांगत बसलों. तो वारस-चौकशीचा एक नमुना आहे, हें या रुमालानंतर ध्यानीं आलें. चौकशी आधीं, जप्ती मागून, हा त्यांतील मुद्दा.

धनकोंस मात्र असें बोलावणें शास्त्रांत आम्हांस दिसत नाहीं, आणि आमच्या मतें त्याचें कारण सरळ आहे. ऋण मालमत्तेवर नसून माणसावर होतें. माणूस मेला कीं तें त्याच्या मुलावर उभें राहत असे. मुलगा कोण हें सावकारास पक्कें ठाऊक. त्यास घोषणेची गरज काय? तो आपण होऊन दारांत येई.

याचें ठळक उदाहरण खुद्द पेशव्यांच्या घरचें आहे. पहिले बाजीराव १७४० च्या एप्रिलांत नर्मदातीरीं रावेरखेडी येथें वारले, ते मोठें कर्ज ठेवून. त्यांच्या धनकोंपैकीं एक बाबूजी नाईक बारामतीकर. बाजीरावांची बहीण भिऊबाई ही याच बाबूजीच्या भावास दिली होती, म्हणजे धनको परका नव्हता. तरीहि पेशवाई आपणांस मिळावी म्हणून त्यानें खटपट केली, आणि तिला जोर दिला तो वऱ्हाडचे धनी सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांनीं. पद बाळाजी बाजीरावांस मिळाल्यावर बाबूजीनें त्यांच्या वडिलांच्या कर्जाचा तगादा लाविला. नव्या पेशव्यास त्यांतून सोडविलें तें महादोबा पुरंदरे यांच्या पतीनें. येथें धनकोचा तगादा हेंच राजकारणाचें शस्त्र झालें. आणि 'हें देणें वडिलांचें, माझें नव्हे' असें उत्तर बाळाजींस सुचलेंहि नसावें, कारण तें उत्तर त्या काळीं उत्तरच नव्हतें. उलट बाजूचें उदाहरण थोरल्या माधवरावांचें. थेऊरास क्षयानें अंथरुणास खिळले असतां १७७२ च्या सप्टेंबरांत त्यांनीं जी नऊ कलमांची याद करविली, तींत आपलें कर्ज फेडण्याचें कलम आहे. मरणाराच्या तोंडूनच देण्याचा उच्चार व्हावा आणि मागें राहणारांनीं तो पत्करावा, ही त्या यादीची घडण सामान्य कुणब्याच्या घरींहि तशीच दिसते. आंकडे मात्र लहान.

वऱ्हाडांतच, अचलपूरच्या नबाबाच्या घरीं, निराळी तऱ्हा झाली. नामदारखान १८४३ सालीं वारला. त्याचा पुतण्या इब्राहीमखान १८४६ सालीं. मग इब्राहीमखानाचा सासरा गुलाम हसन यास निजाम सरकारास सात लाखांचा नजराणा कबूल करून वारसा मिळाला. म्हणजे मृताचें देणें राहिलें बाजूला. वारस होण्याचेंच नवें देणें माथीं बसलें. ज्या राज्यांत वारसा विकत घ्यावा लागतो तेथें गरिबानें आपला वारसा चव्हाट्यावर न सांगणें साहजिक आहे.

शेंदूरजन्यासारख्या गांवीं घोषणेचें काम कागदानें होत नसून तेरवीनें होत असे. देशावर ज्यास तेरावा म्हणतात ती आमच्याकडील तेरवी. त्या दिवशीं सोयरे, भाऊबंद, गांवचे पाटील, पटवारी जमतात. वडील मुलाच्या डोक्यास पागोटें बांधितात. पागोटें बांधणें म्हणजे वारस जाहीर करणें, आणि देणें कोणाकडे मागावयाचें तेंहि जाहीर करणें. तेरा दिवस सुतकाचे, त्यांत सावकार सहसा तोंड उघडीत नाहीं. चौदाव्या दिवशीं त्यास कोणी दोष देत नाहीं. आमच्या रुमालांतील एका यादीच्या माथ्यावर तेरवी झाल्यावर चौघांसमक्ष केलेली याद, असा मजकूर आहे. खालीं मृताचें देणें कोणाकोणाचें, येणें कोणाकोणाकडे, तें लिहिलें आहे. चार नांगर व दोन सह्या आहेत. याहून निराळी 'नोटीस' जुन्या दप्तरांत शोधीत बसणारा मनुष्य रिकाम्या हातीं परतेल. यादींतील प्रत्येक देण्यापुढें मागाहून केलेली खूण आहे, आणि ज्या नांवापुढें खूण आहे त्याचें खत रुमालांत फाडलेलें आहे. एकच नांव खुणेवांचून आहे. तेंच तें 'साबूत' खत.

इंग्रजी अमलाचा भाग येथें थोडक्यांत सांगितला तरी पुरे. मुंबई इलाख्यांत १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनानें वारसपत्राची वाट घातली. अर्ज आल्यावर न्यायाधीशानें जाहीरनामा काढून एक महिन्यांत हरकती मागवावयाच्या. वऱ्हाड त्या इलाख्यांत कधींच नव्हतें. १८५३ च्या तहानें तें इंग्रजांच्या कारभारांत आलें, १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडलें गेलें, आणि सार्वभौमत्व नांवाला निजामाचें राहिलें. हिंदुस्थानासाठीं १८६० चा सत्ताविसावा कायदा, पुढें १८८९ चा दाखल्याचा कायदा, आणि अखेर १९२५ चा भारतीय वारसा कायदा, असा क्रम आहे. या दाखल्यांचा हेतु ध्यानांत घेण्यासारखा आहे. ते मृताचें येणें वसूल करण्यासाठीं होते, देणें फेडण्यासाठीं नव्हेत. मृताच्या कुळानें पैसा भलत्याच्या हातीं देऊन पुन्हा फसूं नये, म्हणून कोर्टानें योग्य त्यांस नोटीस देऊन, कचेरीच्या दर्शनी भागीं ती लावून, मग दाखला द्यावयाचा.

धनकोंस बोलावण्याचें खरें कलम १९२५ च्या कायद्यांतील ३६० वें. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकानें उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणें नोटीस देऊन धनकोंस मुदत द्यावी. मुदत संपल्यावर ठाऊक असलेलीं देणीं भागवून बाकी वांटून टाकावी. मागून आलेल्या धनकोनें त्याच्या अंगावर येऊं नये, मात्र ज्यांच्या हातीं मालमत्ता गेली त्यांच्यापर्यंत जाण्याचा त्याचा हक्क राहावा. हा विचार इंग्लंडांतील १८५९ च्या कायद्यावरून आला. त्याच्या मुळाशीं आणखी जुना विचार आहे. बादशहा जस्टिनियन यानें ५३१ सालीं असें ठरविलें कीं, वारसानें मुदतींत मालमत्तेची याद केली तर त्याची जबाबदारी मालमत्तेपुरतीच. आमच्याकडे, मुंबई इलाख्यांत, हें तत्त्व १८६६ च्या सातव्या कायद्यानें आलें. तोंपर्यंत तेथील कोर्टें बापानें कांहीं न ठेवतांहि मुलास कर्ज द्यावयास लावीत. त्या कायद्यानें पुत्राच्या मानेवरील जूं निघालें. तरी १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत कुणब्यांनीं सावकारांचीं खतें ओढून जाळलीं, यावरून कायदा गांवापर्यंत किती पोहोंचला होता तें दिसतें. खत फाडणें हा शास्त्राचा मार्ग; जाळणें हा निरुपायाचा. पितृऋणाचें धार्मिक बंधन म्हणून पुत्राविरुद्ध चालणारा दावा तर २००५ सालीं, हिंदु वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें, पुढील कर्जांपुरता पूर्ण बंद झाला.

आज शेंदूरजन्यास कोणी शेतकरी वारला म्हणजे तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावयाचें, तलाठ्यानें फेरफार नोंदवून त्याची नक्कल चावडीवर लावावयाची, आणि हितसंबंधी म्हणून ज्यांचीं नांवें दप्तरांत आहेत त्यांस लेखी कळवावयाचें. सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर चढलेला असल्यानें सोसायटीस कळतें. हातउसने देणाऱ्या शेजाऱ्याचें नांव सातबाऱ्यावर नसतें. त्याची नोटीस अद्यापि तेरवीच.

त्या साबूत खताविषयीं सांगावयाचें राहिलें. आम्हीं घरधन्यांस समजाविलें कीं, हें देणें मुदतीच्या कायद्यानें कधींच मेलेलें आहे, प्रपौत्रापाशीं तें शास्त्रानेंहि थांबतें, आणि खत दाखविल्यानें त्यांच्या संत्र्याच्या बागेचें एक पानहि हलणार नाहीं. त्यांना तें पटलें. पण समाधान झालें नाहीं. "कायदा मेला जी," ते म्हणाले, "देणं कसं मरल?" धनकोचें घर गांवांतून उठून गेलें आहे, पडका वाडा होता, तेथें आतां दुसऱ्याची वस्ती. मग द्यावयाचें कोणास? नारदानें ही अडचणहि पाहून ठेविली आहे. ब्राह्मण धनकोचा वंश राहिला नसेल तर त्याच्या सकुल्यांस द्यावें, ते नसतील तर संबंधी बांधवांस, तेहि नसतील तर अन्य द्विजांस, आणि कोणीच नसेल तर पाण्यांत टाकावें. ऋणकोनें तें आपल्यापाशीं ठेवावें असा पर्याय त्यानें दिलेलाच नाहीं. खतांतील सावकार ब्राह्मण नव्हे, हें आम्हीं सांगितलें. त्यावर ते कांहीं बोलले नाहींत.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, फाडलेलीं खतें बाजारांत रद्दीच्या भावानें येतात तेव्हां तीं सोडूं नयेत. फाड कोठून कोठपर्यंत आहे, पाठीवर वसूल किती, शेवटचा वसूल कोणाच्या नांवें पडला आहे, हें टिपून ठेवावें. बापाच्या नांवें घेतलेल्या कर्जाचा शेवटचा वसूल मुलाच्या नांवें असेल तर त्या दोन नोंदींच्या मध्यें कोठें तरी एक मृत्यु आहे, आणि वंशावळींत न सांपडणारी तिथि तेथें अजमासानें सांपडते. आमच्या रुमालांत अशा दोन पिढ्यांचा क्रम आम्हांस लावितां आला. फाडीचे दोन्ही तुकडे चिकटवून 'दुरुस्त' करण्याचा मोह मात्र आवरावा. चिकटविलेलें खत म्हणजे फिटलेलें कर्ज पुन्हा उभें करणें होय. आमच्या पाहण्यांतील एका संग्रहांत असें झालें आहे.

रुमालांतील सर्व फाडलेल्या खतांच्या व यादीच्या नकला आम्हीं घेतल्या असून अस्सल त्याच घरीं आहेत, चुलीपासून दूर, लांकडी पेटींत. साबूत खताची नक्कल घेऊं दिली नाहीं. दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा गेलों तेव्हां घरधनी घरीं नव्हते. त्या सावकाराच्या वंशांतील कोणी नदीपलीकडे मुलताईकडे राहतात असें कोणीं सांगितल्यावरून ते तिकडे गेले होते, आणि खत बरोबर नेलें होतें.